एकाच नेटवर्कवर अनेकांची मशीन्स: प्रायव्हेट व्हीलॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका छोट्या सर्व्हर रूमचं नेटवर्क मी सांभाळतो. शिरोलीतल्या फौंड्र्या, गुजरीतल्या सराफी पेढ्या, राजारामपुरीतले सीए, दोन-तीन पतसंस्था अशा सगळ्यांच्या व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले कॉम्प्युटर, मोजक्याच सर्व्हरवर शेजारीशेजारी चालतात. कुणाचं टॅली, कुणाचं पगारपत्रक, कुणाचा डेटाबेस. काही वर्षांपूर्वी एका पेढीच्या दिवाणजींचा फोन आला. त्यांनी मशीनवर ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली होती आणि आपल्या नावाखाली त्यांना दुसऱ्याच एका पेढीच्या कॉम्प्युटरचं नाव दिसत होतं. “साहेब, त्यास्नी बी आमचं नाव असंच दिसतंय व्हय?” दिसत होतं. मला ‘हो’ म्हणावं लागलं. त्या आठवड्यापासून आम्ही नेटवर्क नव्यानं बांधायला घेतलं. तेव्हापासून ग्राहक आणि इथली तरुण इंजिनिअर मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहीत आहे.

मशीन माझं वेगळं, पासवर्ड वेगळा. मग शेजाऱ्याला ते दिसतंच कसं?

सर्व्हरच्या आत एक व्हर्च्युअल स्विच असतो, म्हणजे मशीन्सना एकमेकींशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच. त्याला जोडलेल्या सगळ्या मशीन्स एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवर आखलेल्या नेटवर्कच्या एकाच कप्प्यात, असतील तर त्या एका खोलीत बसल्यासारख्या असतात. एकीनं ब्रॉडकास्ट केला की सगळ्यांना ऐकू जातो. ‘१०.२०.३०.२२ हा पत्ता कुणाचा?’ असं एआरपीनं, म्हणजे पत्त्यावरून मशीन शोधायच्या पद्धतीनं, विचारलं की ज्याचा असेल तो उत्तर देतो आणि तिथून थेट बोलणं सुरू होतं. ही रहदारी सर्व्हरच्या बाहेर पडतच नाही. त्यामुळे रॅकमधला महागडा फायरवॉल कितीही चांगला असला तरी त्याच्या नजरेस यातलं काहीच येत नाही.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच वाटेनं. एक मशीन बाधित झालं की ते आजूबाजूच्या पत्त्यांवर ४४५ नंबरचा पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) उघडा आहे का ते शोधायचं आणि अपडेट न केलेल्या विंडोजमध्ये आपोआप घुसायचं, कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. एका ग्राहकानं अपडेट करायला आळस केला म्हणून शेजारच्या पतसंस्थेची खाती गोठावीत, हे मला मान्य नाही.

प्रायव्हेट व्हीलॅन म्हणजे नेमकं काय?

मार्केट यार्डातल्या गाळ्यांची ओळ डोळ्यासमोर आणा. प्रत्येक गाळ्याचं शटर समोरच्या रस्त्यावर उघडतं, पण दोन गाळ्यांच्या मधली भिंत सलग आहे. एखाद्या व्यापाऱ्याचे दोन-तीन गाळे असतील तर त्यांच्यापुरतं आतून दार असतं. प्रायव्हेट व्हीलॅनची रचना अशीच आहे.

एक प्रायमरी व्हीलॅन असतो आणि त्याच्या पोटात सेकंडरी व्हीलॅन असतात. सेकंडरीचे दोन प्रकार. आयसोलेटेडमधली मशीन्स एकमेकांशी बोलू शकत नाहीत, फक्त गेटवेशी, म्हणजे बाहेर जायच्या राउटरशी, बोलतात. कम्युनिटीमधली मशीन्स आपापसात आणि गेटवेशी बोलतात, पण दुसऱ्या कम्युनिटीशी किंवा आयसोलेटेडवाल्यांशी नाही. गेटवे ज्या पोर्टवर बसतो त्याला प्रॉमिस्क्युअस पोर्ट म्हणतात, त्याला सगळे दिसतात. एका प्रायमरीखाली आयसोलेटेड व्हीलॅन एकच लागतो, त्यात शेकडो मशीन्स घाला. कम्युनिटी मात्र कितीही करता येतात.

आमच्याकडे प्रायमरी ३००, आयसोलेटेड ३०१ आणि कम्युनिटी ३११ पासून पुढे आहेत. पुढच्या उत्तरांत हेच आकडे येतील, आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: आयसोलेटेड मशीनकडून गेटवेकडे जाणाऱ्या फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) ३०१ चा टॅग, म्हणजे व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी, असतो आणि गेटवेकडून परत येणाऱ्या फ्रेमवर ३०० चा. जाण्याचा आणि येण्याचा टॅग वेगळा. यातल्या निम्म्या अडचणींचं मूळ इथेच आहे. ही पद्धत सिस्कोची, आणि तिचं वर्णन फेब्रुवारी २०१० मध्ये आरएफसी ५५१७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांतला एक) म्हणून प्रसिद्ध झालं.

त्यापेक्षा प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र व्हीलॅन दिला तर?

ग्राहक दहा-पंधरा असतील तर खुशाल द्या, मी स्वतः तेच सांगेन. समजायला सोपं, चुकायला जागा कमी.

संख्या वाढली की गणित बिघडतं. स्लॅश २४ च्या एका सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एका गटात, २५६ पत्ते. ग्राहकागणिक स्लॅश ३० चे तुकडे केले तर ६४ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यातले चार पत्ते असे जातात: एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, एक गेटवेचा, उरलेला एक ग्राहकाचा. म्हणजे २५६ पत्त्यांत ६४ मशीन्स. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये तोच सबनेट सगळ्यांना मिळून वापरता येतो आणि २५३ मशीन्स बसतात. पब्लिक पत्ते विकत घेणाऱ्याला हा फरक खिशाला जाणवतो. शिवाय प्रत्येक व्हीलॅनसाठी फायरवॉलवर वेगळा इंटरफेस, वेगळे नियम, वेगळा डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) सांभाळावा लागतो. व्हीलॅनचा नंबर १२ बिटांचा असल्यामुळे ४०९४ ची कमाल मर्यादाही आहे, पण आपल्या गावात तिथवर पोचण्याआधी सांभाळणाऱ्याचा दम संपतो.

कोणत्या व्हर्च्युअलायझेशनवर हे चालतं?

व्हीएमवेअरमध्ये डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो, साध्या स्टँडर्ड स्विचवर ही सोय नाही. तेव्हा लायसन्समध्ये डिस्ट्रिब्युटेड स्विच आहे का, हे आधी बघा. तिथे प्रायमरी ३०० नोंदवला की त्याच नंबरचा प्रॉमिस्क्युअस आपोआप तयार होतो, नंतर ३०१ आयसोलेटेड म्हणून जोडायचा आणि पोर्ट ग्रुपला, म्हणजे मशीन्स जोडायच्या व्हर्च्युअल पोर्टांच्या गटाला, तो लावायचा.

हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे, पण हायपर-व्ही मॅनेजरच्या खिडक्यांत शोधत बसू नका, ते पॉवरशेलमधूनच करावं लागतं. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क अडॅप्टरला प्रायमरी आणि सेकंडरी नंबर द्यायचे. सोबत डीएचसीपी गार्ड आणि राउटर गार्डही चालू करा, म्हणजे एखादं मशीन खोटा डीएचसीपी किंवा राउटर बनू शकणार नाही.

लिनक्स ब्रिजवर, म्हणजे केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांकडे, पोर्ट ‘आयसोलेटेड’ करायची सोय कर्नल ४.१८ पासून आहे. आयसोलेटेड केलेले दोन पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत. मात्र ही भिंत त्या एकाच ब्रिजपुरती आहे. पहिल्या होस्टवरचं (होस्ट म्हणजे मशीन्स चालवणारा सर्व्हर) मशीन अपलिंकमधून, म्हणजे बाहेरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीतून, बाहेर पडलं, फिजिकल स्विचवरून दुसऱ्या होस्टच्या अपलिंकमधून आत शिरलं, की तिथला अपलिंक आयसोलेटेड नसल्यामुळे त्या होस्टवरच्या मशीनला ते सहज गाठतं. एका होस्टवर चाचणी करून ‘झालं’ म्हणणाऱ्या दोघांना मी हे त्यांच्याच रॅकमध्ये दाखवलंय. दोन होस्ट असतील तर मधल्या स्विचवरही अडवणूक हवीच.

व्हर्च्युअल स्विचवर सगळं नीट केलं. फिजिकल स्विचवर काही करावं लागतं का?

लागतं. हे आम्ही एका रात्री चांगलंच शिकलो.

पहिल्या होस्टवर सगळं व्यवस्थित चालू होतं. रॅम वाढवायची म्हणून एका फौंड्रीचं मशीन चालू अवस्थेतच दुसऱ्या होस्टवर हलवलं आणि त्याचं नेट गेलं. परत आणलं, नेट आलं. पुन्हा हलवलं, पुन्हा गेलं. आम्ही केबल बदलली, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तपासला, फायरवॉलचे लॉग चाळले. पहाटे अडीचला गेटवेवर पॅकेट कॅप्चर लावला, म्हणजे येणारी-जाणारी रहदारी टिपली, तेव्हा कळलं की मशीनची एआरपीची हाक गेटवेपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या होस्टच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर, ३०० नंबरला परवानगी दिली होती, ३०१ राहून गेला होता. येणारा रस्ता उघडा आणि जाणारा बंद. ट्रंकच्या यादीत एक आकडा वाढवला आणि मशीन चालू झालं.

तेव्हापासून आमचा नियम: ज्या ज्या ट्रंकवर प्रायमरी जातो, त्या प्रत्येक ट्रंकवर त्याचे सगळे सेकंडरी गेलेच पाहिजेत, होस्टकडेही आणि दोन स्विचच्या मधेही. शिवाय फिजिकल स्विचवर ३०० प्रायमरी, ३०१ आयसोलेटेड आणि त्यांचं नातं नोंदवायचं, आणि गेटवेच्या पोर्टला ३०० चं ३०१, ३११ शी मॅपिंग द्यायचं. सिस्कोच्या स्विचवर व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनच्या याद्या वाटणारी सोय) पहिल्या किंवा दुसऱ्या आवृत्तीचं असेल तर आधी ट्रान्सपरंट मोडला घ्या, नाहीतर स्विच हे नंबर स्वीकारत नाही.

आमच्या स्विचला प्रायव्हेट व्हीलॅन समजतच नाही. मग?

गेटवे फिजिकल असेल आणि तो फक्त ३०० ऐकत असेल, तर चालणार नाही. मशीनची फ्रेम ३०१ चा टॅग घेऊन येते आणि तिला उत्तर द्यायला कुणी नसतं.

गेटवे म्हणून व्हर्च्युअल फायरवॉल असेल आणि तो त्याच डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या प्रॉमिस्क्युअस पोर्टवर बसवला असेल, तर मधला साधा मॅनेज्ड स्विच ३०० आणि ३०१ हे दोन नुसते व्हीलॅन समजून वाहून नेतो आणि काम होतं. पण त्याची किंमत आहे. त्या स्विचनं मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) ३०१ मध्ये शिकलेला असतो. गेटवेकडून ३०० मध्ये आलेल्या फ्रेमचा धनी कोण हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो ती ३०० च्या प्रत्येक पोर्टवर पसरवतो. अशा स्विचवर ३०० किंवा ३०१ मध्ये एकही साधा कॉम्प्युटर जोडू नका. ३०० मधल्याला ग्राहकांकडे जाणारी रहदारी दिसेल आणि ३०१ मधल्याला त्यांच्याकडून येणारी. फक्त होस्टच्या ट्रंक, बाकी पोर्ट बंद.

स्वस्त स्विचवर ‘प्रोटेक्टेड पोर्ट’ नावाची सोय असते. ती त्या एका स्विचपुरतीच असते, शेजारच्या स्विचवर तिचा पत्ता नसतो.

आयसोलेटेड केलं म्हणजे शेजारी आता पोचूच शकत नाही ना?

थेट नाही पोचू शकत. गेटवेला वळसा घालून मात्र पोचू शकतो, आणि ही फट बंद न करता ‘आयसोलेशन केलंय’ असं सांगणारे बरेच भेटतात. म्हणून इथे जरा थांबतो.

प्रायव्हेट व्हीलॅन फ्रेम अडवतो, आयपी पत्ता बघत नाही. समजा २१ नंबरच्या मशीनला (पत्ता १०.२०.३०.२१) २२ नंबरच्या मशीनशी बोलायचंय. एआरपीला उत्तर येणार नाही, कारण हाक २२ पर्यंत जातच नाही. पण २१ वरच्या माणसानं स्वतःच्या मशीनवर एक रूट लिहिला, ‘२२ कडे जायचं तर गेटवेमार्फत’, तर फ्रेम गेटवेच्या मॅकवर जाते. प्रायव्हेट व्हीलॅनच्या दृष्टीनं हे पूर्ण कायदेशीर आहे, कारण गेटवेकडे जायला सगळ्यांना मुभा आहे. गेटवे पॅकेट उघडतो, आतला पत्ता २२ दिसतो, आणि राउटरचं काम म्हणून तो ते इमानदारीत २२ कडे पोचवतो. एक ओळीचा रूट, एवढंच लागतं.

उपाय गेटवेवर आहे. त्या इंटरफेसवर आत येताना असा नियम लावा की ज्याचा उगमही १०.२०.३०.०/२४ आणि मुक्कामही १०.२०.३०.०/२४ असेल ते टाकून द्या. त्याच्या वर, गेटवेच्या स्वतःच्या पत्त्याला जे हवं असेल, म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) किंवा पिंग, त्याला आधी परवानगी द्या. गेटवेही त्याच सबनेटमध्ये असतो, आणि हे विसरलात तर सगळ्या ग्राहकांचं डीएनएस एका झटक्यात बंद होईल. आयसीएमपी रिडायरेक्ट, म्हणजे ‘थेट जा’ असा गेटवेचा सल्ला, बंद ठेवा. ग्राहकांचे एकाहून जास्त सबनेट असतील तर एका सबनेटमधून दुसऱ्याकडे जाणंही याच नियमात अडवा.

‘लोकल प्रॉक्सी एआरपी’ नावाची सोय गेटवेवर दिसेल. ती चालू केली की शेजाऱ्याच्या वतीनं गेटवे स्वतः उत्तर देतो आणि आयसोलेटेड मशीन्स त्याच्यामार्फत बोलू लागतात. ठरवून, फायरवॉलचे नियम लावून बोलू द्यायचं असेल तरच ती वापरा.

शेजाऱ्यानं माझाच पत्ता स्वतःच्या मशीनला दिला तर?

हे प्रायव्हेट व्हीलॅन थांबवत नाही. तो गेटवेला सांगेल, ‘२२ मीच’, आणि गेटवेनं विश्वास ठेवला तर तुमची रहदारी त्याच्याकडे जाईल. भिंत तुमच्या दोघांच्या मधे आहे, गेटवेच्या डोक्यात नाही. कुणाला कुठला पत्ता दिलाय ते पडताळणाऱ्या डीएचसीपी स्नूपिंग, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन आणि आयपी सोर्स गार्ड या सोयींची जोड इथे लागते. तेवढं नसेल तर गेटवेवर प्रत्येक ग्राहकाची एआरपी नोंद हातानं पक्की करा. कंटाळवाणं काम आहे, पण आम्ही सुरुवातीचं वर्षभर असंच केलं. पोर्ट ग्रुपवर मॅक पत्ता बदलायची आणि खोट्या मॅकवरून फ्रेम पाठवायची मुभा, दोन्ही नाकारा.

प्रॉमिस्क्युअस मोड आणि प्रॉमिस्क्युअस पोर्ट एकच का?

नाही. प्रॉमिस्क्युअस पोर्ट म्हणजे प्रायव्हेट व्हीलॅनमधली गेटवेची जागा. प्रॉमिस्क्युअस मोड म्हणजे व्हर्च्युअल स्विचची अशी सेटिंग, जिच्यामुळे एखादं मशीन दुसऱ्यांच्या फ्रेम ऐकू शकतं. गेटवे चालत नाही म्हणून ग्राहकांच्या पोर्ट ग्रुपवर हा मोड ‘अक्सेप्ट’ करून ठेवलेला मी पाहिलाय. तो ‘रिजेक्ट’च हवा.

बॅकअपसाठी प्रत्येक मशीनला दुसरं नेटवर्क कार्ड दिलंय. त्याचं काय?

हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही, मीच विचारतो.

पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं, अशी ही गत असते. मुख्य कार्ड ३०१ मध्ये नीट आयसोलेटेड, आणि दुसरं कार्ड ‘बॅकअप’ नावाच्या साध्या व्हीलॅनमध्ये, जिथे सगळ्या ग्राहकांची मशीन्स पुन्हा एका खोलीत. एका ठिकाणी मला तपासायला बोलावलं होतं. मुख्य नेटवर्क उत्तम होतं, मी मनापासून कौतुक केलं. मग दुसऱ्या कार्डावरून शेजारच्या पत्त्यांची चौकशी केली तर मिनिटभरात सगळ्या मशीन्स हजर, ४४५ पोर्ट उघडे. बॅकअप नीट व्हावा म्हणून विंडोजचं फायरवॉलही त्या कार्डावर बंद केलेलं होतं.

बॅकअपच्या नेटवर्कलाही स्वतंत्र प्रायव्हेट व्हीलॅन करा. बॅकअप सर्व्हर प्रॉमिस्क्युअस, बाकी सगळे आयसोलेटेड. त्या सर्व्हरवर एका कार्डावरून दुसरीकडे पॅकेट पुढे पाठवणं बंद ठेवा, नाहीतर तोच गेटवे बनेल. शक्य असेल तर होस्टच्या पातळीवर बॅकअप घ्या, म्हणजे मशीनला दुसरं कार्ड लागणारच नाही. मी आता तेच करतो.

पुराच्या वेळी मशीन दुसरीकडे हलवावं लागलं तर आयसोलेशन सोबत जातं का?

आपोआप जात नाही, आणि कोल्हापुरात हा प्रश्न दरवर्षी जुलैत समोर उभा राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आमचे फोन सुरू होतात. २०१९ आणि २०२१ नंतर कुणाला समजवायची गरज उरलेली नाही.

घाईत बॅकअपमधून मशीन दुसऱ्या ठिकाणी उभं केलं की मूळ पोर्ट ग्रुप तिथे नसतो, आणि कार्ड सहसा तिथल्या डिफॉल्ट साध्या नेटवर्कला जोडलं जातं. मशीन चालतं, ग्राहक खूश, आणि भिंत गायब. म्हणून दुसऱ्या जागेवर त्याच नावाचे, त्याच नंबरचे पोर्ट ग्रुप पावसाळ्याआधी तयार ठेवा, आणि रिस्टोअरनंतर मशीन सुरू करताना कार्ड ‘डिस्कनेक्टेड’ ठेवून, पोर्ट ग्रुप बघून मगच जोडा. आम्ही मे महिन्यात एक मशीन खरंच तिकडे उभं करून बघतो.

अ‍ॅप्लिकेशन एका मशीनवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर आहे. आयसोलेटेडमध्ये ते कसे बोलणार?

त्या ग्राहकाला स्वतःची कम्युनिटी द्या. ३११ मध्ये त्याचीच दोन मशीन्स. दोन ग्राहकांना ‘तात्पुरतं’ एका कम्युनिटीत टाकू नका, ते नंतर कुणी वेगळं करत नाही.

आयपीव्ही६ वापरत नाही, तर त्याचा विचार नको ना?

आयपीव्ही६ म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. तुम्ही वापरत नसलात तरी विंडोज आणि लिनक्स तिचा लिंक-लोकल पत्ता (फक्त त्याच नेटवर्कपुरता) आपोआप घेतात. आयसोलेटेड पोर्ट फ्रेमच अडवत असल्यामुळे शेजाऱ्यापर्यंत तेही जात नाही, ही चांगली गोष्ट. पण गेटवेवरचा वळसा अडवणारा नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिलेला असतो. गेटवेवर आयपीव्ही६ चालू असेल तर तोच नियम तिथेही लिहा.

आता डेटा एन्क्रिप्ट होतो का?

नाही. प्रायव्हेट व्हीलॅन काहीही एन्क्रिप्ट करत नाही. होस्टचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला, म्हणजे आम्हालाही, रहदारी दिसू शकते. त्यासाठी टीएलएस (प्रवासातला डेटा एन्क्रिप्ट करायची पद्धत) वेगळं, आणि मशीनचं स्वतःचं फायरवॉलही चालूच ठेवायचं.

खरंच भिंत आहे, हे कसं तपासायचं?

पिंग करून समाधान मानू नका. विंडोजचं फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे भिंत नसतानाही पिंग अपयशी होतो आणि आपण फसतो.

दोन चाचणी मशीन्स घ्या, २१ आणि २२, आधी एकाच होस्टवर. २१ वरून २२ ला पिंग करा आणि लगेच २१ वरची एआरपीची यादी बघा. पिंग अडला तरी एआरपीला उत्तर मिळालं असेल तर यादीत २२ समोर त्याचा मॅक दिसेल. दिसला, तर भिंत नाही. मग २२ वर पॅकेट कॅप्चर लावून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. गेटवेच्या एआरपी हाका दिसतील, त्या दिसायलाच हव्यात. इतर कुठल्या ग्राहकाच्या मशीनची एकही हाक दिसता कामा नये. नंतर २१ वर तो एक ओळीचा रूट लिहा, २२ कडे गेटवेमार्फत, आणि पुन्हा प्रयत्न करा. यावेळी २२ वरच्या कॅप्चरमध्ये २१ कडून काहीही येता कामा नये. हेच सगळं २२ ला दुसऱ्या होस्टवर हलवून पुन्हा, आणि दुसरं कार्ड असेल तर त्याच्यावरूनही पुन्हा.

स्विच बदलला, होस्ट वाढवला, फायरवॉलचं फर्मवेअर अपडेट केलं, की ही चाचणी परत करा. आमची दोन्ही चाचणी मशीन्स कायम चालू असतात. ग्राहकाला शंका असेल तर त्याला शेजारी बसवून, त्याच्या कारखान्याच्या सुट्टीच्या वारी, त्याच्या मशीनवरूनच करून दाखवतो. पाऊण तास लागतो. यादीत शेजाऱ्याचा मॅक निघालाच, तर आधी दोन्ही मशीन्सचा पोर्ट ग्रुप बघा, मग त्या पोर्ट ग्रुपचा सेकंडरी नंबर खरोखर आयसोलेटेड म्हणून नोंदवलाय की चुकून कम्युनिटी, आणि मग मधल्या स्विचकडे वळा. आमच्याकडे दोनदा निघाला तेव्हा दोन्ही वेळा कम्युनिटीच होती.